६१ पर्सेंटाइल आणि २५ हजारांचं टोकन

शेजारच्या वहिनी रात्री साडेनऊला मुलाला घेऊन आल्या तेव्हाच ओळखलं, सीईटीचा निकाल लागला. चांगला निकाल घेऊन माणसं संध्याकाळी येतात, हातात पेढ्यांचा पुडा असतो आणि गेटातूनच बोलायला लागतात. जेवणं आटोपल्यावर, कडीचा आवाज न करता येतात ते दुसरे.

मुलानं खिशातून प्रिंटआउट काढला. चार घड्या घातलेला. एमबीए सीईटीच्या स्कोअरकार्डावर पर्सेंटाइल दशांश चिन्हापुढे सात आकड्यांपर्यंत छापतात. याचा एकसष्ट पूर्णांक आणि पुढे ती सात आकड्यांची शेपटी. जणू सोनं तोलून दिलंय.

"एकसष्ट म्हणजे फर्स्ट क्लासच की हो," वहिनी म्हणाल्या. "मग हा दोन दिवस जेवत का नाही?"

मुलगा खाली बघत राहिला. मग वहिनींनी पर्समधून दुसरा कागद काढला. पुण्याजवळच्या एका कॉलेजचं गुळगुळीत माहितीपत्रक, त्यावर बॉलपेननं लिहिलेला मोबाइल नंबर आणि खाली '२५,०००, उद्या १२ पर्यंत'. फोन आला होता म्हणे. सीट होल्ड करून ठेवतो, टोकन भरा, नाहीतर दुसऱ्याला जाईल.

ते वाक्य मी ओळखते. अकरा वर्षं मी तेच बोलत होते.

सांगलीला परत येण्याआधी मी पुण्याच्या बाहेरच्या एका एमबीए कॉलेजात ॲडमिशन काउंटरवर होते. नाव सांगत नाही, आणि कॉलेज काही फार वाईट होतं असंही नाही. माझ्या टेबलावर 'कौन्सेलर' अशी पाटी होती. कौन्सेलिंगचं शिक्षण मला कुणी दिलं नव्हतं, एक छापील कागद दिला होता: पालक असं म्हणाले तर तुम्ही असं म्हणायचं. येणारा मुलगा म्हणजे 'लीड'. स्वतःहून चालत आला तर 'वॉक-इन'. पैसे भरले की 'कन्व्हर्जन'. निकालानंतरचे पंधरा दिवस आमची सुगी. आमचे साहेब म्हणायचे, पंच्याण्णववाला प्रश्न विचारतो, पंचावन्नवाला पैसे भरतो. ते बरोबर होतं. कमी गुण पडलेल्या मुलाच्या घरात एक घाई असते, लोकांनी विचारायच्या आत काहीतरी ठरून गेलं पाहिजे अशी. ती घाई आम्ही विकत घ्यायचो. म्हणजे खरं तर त्यांना विकायचो.

म्हणून वहिनींना पहिलं सांगितलं, उद्या बारा वाजता काहीही होत नाही. आता आधी हा कागद वाचू.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. एकसष्ट पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्या शंभरांतले एकसष्ट याच्या मागे किंवा बरोबर, आणि एकोणचाळीस पुढे. लाखभर मुलं बसली असं धरलं तर याच्या पुढे एकोणचाळीस हजार. वहिनींचा चेहरा उतरला. पण याचीच दुसरी बाजू मुलाला सांगायची होती. गुणांच्या मधल्या पट्ट्यात मुलांची दाटी असते, यात्रेत देवळाच्या दाराशी असते तशी. तिथे पाचसहा गुण जास्त मिळाले तर माणूस हजारो डोकी ओलांडतो. सत्त्याण्णवच्या पुढे गर्दी विरळ असते, तिथे तेवढ्याच गुणांनी फारसं सरकता येत नाही. एकसष्टवाला बुद्धीनं मागे आहे असं त्या आकड्यातून निघत नाही. तो गर्दीत उभा आहे, एवढंच.

"पेपरात किती सोडलेस?" मी विचारलं.

"अडतीस."

"का?"

"येत नव्हते, काकू."

इथे मी कपाळाला हात लावला. एमबीएच्या सीईटीत २०० प्रश्न, १५० मिनिटं, प्रत्येकाला पाच पर्याय आणि चुकीच्या उत्तराला वजा गुण नाहीत. अडतीस प्रश्नांना डोळे मिटून उत्तरं दिली असती तरी सरासरीनं सातआठ बरोबर आले असते. याचा क्लास कॅटचा. कॅटमध्ये बरोबर पर्यायाला अधिक तीन, चुकीच्याला वजा एक. चार पर्यायांत नुसता अंदाज मारला तर सरासरी हिशेब शून्यावर येतो, म्हणून तिथे सोडायला शिकवतात. ती सवय हा सीईटीला घेऊन गेला. कमी गुणांमागे प्रत्येकाचं असं काही कारण असतं. कुणाचं इंग्रजी उताऱ्यात घोडं अडतं, कुणी परीक्षेआधी दहा दिवस तापानं पडलेला असतो, कुणी वर्षभर अभ्यासच केलेला नसतो. पुन्हा बसायचं की नाही हे त्या कारणावर ठरतं. कारण सापडलं आणि ते दुरुस्त होण्यासारखं असलं तर पुढच्या वर्षी बसावं. सापडलंच नाही तर दुसऱ्यांदाही तोच आकडा येतो. काउंटरवर मी अशी मुलं पाहिली आहेत, दोन वर्षांची दोन स्कोअरकार्डं घेऊन आलेली, मागेपुढे दोन पर्सेंटाइलचा फरक.

आणि परीक्षा एकच नाही. कॅट नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी. त्यात गेल्या काही वर्षांत निम्म्याहून कमी गुणांना ९९ पर्सेंटाइल गेलेलं आहे, म्हणजे पेपर किती अवघड ते बघा. डिसेंबरात सिम्बायोसिसची स्नॅप. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जमशेदपूरच्या एक्सएलआरआयची झॅट, तीत निर्णयक्षमतेचा वेगळा भाग असतो आणि गणिताला घाबरणारी, पण डोकं शांत ठेवणारी मुलं तिथे बरं करतात. एनमॅट एकाच हंगामात तीनदा देता येते आणि तीतही वजा गुण नाहीत. मॅट वर्षातून चार वेळा. सीमॅट आहे. जीमॅटचा स्कोअर पाच वर्षं चालतो, पण तो रस्ता खर्चाचा. एका परीक्षेत पडलेला दुसरीत चालतो, कारण प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. मात्र सगळेच्या सगळे फॉर्म भरून सगळ्यांना अर्धवट तयारीनं जाऊ नये. परीक्षांची फीसुद्धा पोतंभर होते.

मग याच वर्षीचं काय? सीईटीतून प्रवेशाला पात्र व्हायचं तर स्कोअर शून्याच्या वर असला आणि पदवीला ५० टक्के असले की झालं. राखीव प्रवर्गाला ४५. म्हणजे एकसष्टवाला बाहेर फेकला गेलेला नाही. जमनालाल बजाज आणि सिडनहॅम ही वरची कॉलेजं त्याच्यासाठी या वर्षी बंद, हे सरळ मान्य करायचं. पण केंद्रीय प्रवेश प्रक्रिया, ज्याला सगळे 'कॅप राउंड' म्हणतात, तिच्यात महाराष्ट्रभरची कॉलेजं असतात आणि मागच्या वर्षी कुठल्या कॉलेजात कितीवर जागा बंद झाली त्याच्या याद्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर असतात. लांबलचक पीडीएफ. कॉलेजचा कोड, खाली जीओपन, एलओपन अशी संकेताक्षरं, त्याखाली पर्सेंटाइल. 'एल' म्हणजे मुलींच्या जागा. आम्ही त्या रात्री लॅपटॉप लावून बसलो आणि पंचावन्न ते सत्तरच्या मधली कॉलेजं वहीत उतरवली. सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे. वहीचं पान भरलं तसा मुलगा जरा सरळ बसला. त्या गुळगुळीत माहितीपत्रकवालं कॉलेजही यादीत सापडलं. मागच्या वर्षी ते त्रेपन्नला बंद झालं होतं! म्हणजे जी जागा २५ हजार भरून 'होल्ड' करायची होती, ती याला कॅपमधून घरबसल्या मिळण्यासारखी होती.

हे मला आश्चर्याचं नव्हतं. आम्हीही तेच करायचो. खाजगी कॉलेजांत साधारण २० टक्के जागा संस्थेच्या पातळीवर भरायच्या असतात, लोक त्याला मॅनेजमेंट कोटा म्हणतात. नियमानं त्यांचीही जाहिरात, अर्ज आणि गुणवत्ता यादी लागते. फोनवर होल्ड करायची ती वस्तूच नाही. पण कॅप सुरू व्हायच्या आत मूल पैसे भरून बसलं की ते कॅपकडे बघत नाही, आणि इथे खरा तोटा होतो. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काचा निम्मा भार सरकार उचलतं, आणि २०२४ पासून त्याच उत्पन्नमर्यादेत आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण माफी आहे. पण प्रवेश कॅपमधून हवा. कोट्यातून गेलात की शिष्यवृत्ती गेली. एकच वर्ग, एकच बाक, शेजारी बसलेल्याची फी निम्मी आणि याची पूर्ण. काउंटरवर हे मी आपण होऊन एकदाही सांगितलं नाही. कुणी विचारलं तर सांगायचे. फार कुणी विचारलं नाही.

टोकनचंही तेच. वर्ग सुरू व्हायच्या आत ठरलेल्या मुदतीत प्रवेश रद्द केला तर एआयसीटीईच्या नियमानं जास्तीत जास्त एक हजार रुपये कापून बाकी परत द्यावे लागतात, आणि मूळ कागदपत्रं अडकवून ठेवता येत नाहीत. पण आधी पावती तर हवी. पुष्कळदा 'टोकन' कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर जातं, मग कुठला नियम आणि कुठलं काय. फी किती, हे शुल्क नियामक प्राधिकरणानं प्रत्येक कॉलेजला ठरवून दिलेलं असतं आणि ते बघता येतं. त्याच्या वर 'ग्रूमिंग', 'परदेशी अभ्यासदौरा', 'लॅपटॉप' असं काही मागितलं तर ऐच्छिक आहे का ते लेखी विचारावं. लेखी म्हटलं की निम्मे शब्द गळून पडतात.

आणखी एक गंमत. एकाच इमारतीत एमबीए आणि पीजीडीएम दोन्ही असतात. एमबीए विद्यापीठाची पदवी, पीजीडीएम ही पदविका, आणि ती कॅपच्या बाहेर. कमी गुणांच्या मुलाला हळूच दुसऱ्या दाराकडे वळवतात. पीजीडीएम वाईट नाही. आयआयएमसुद्धा २०१७ चा कायदा होईपर्यंत पदविकाच देत होत्या आणि एक्सएलआरआयचं नाव तर त्यावरच झालं. पण तिथे संस्था बघावी लागते: एआयसीटीईची मान्यता, एमबीएशी समकक्षता आणि फी. 'सेम टू सेम आहे सर' हे उत्तर नव्हे.

कॅपचा ऑप्शन फॉर्म भरताना मुलं उलटं करतात. भीतीपोटी खात्रीचं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकतात. पहिला पर्याय मिळाला की जागा आपोआप फ्रीझ होते आणि पुढच्या फेऱ्यांतून तुम्ही बाहेर. वर आवडीची, खाली खात्रीची, असाच क्रम हवा. वर अशक्य कॉलेज टाकलं म्हणून खालचं हुकत नाही. वहीतली यादी आम्ही दोनदा खोडून लिहिली.

बारा वाजत आले होते. वहिनी पेंगत होत्या. मी सहज विचारलं, स्पेशलायझेशन काय घेणार?

"फायनान्स."

"का?"

"सगळे घेतात."

याचे वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत आहेत. हा शाळेपासून सुट्टीत तिथे बसायचा. मी चहा टाकायला उठले आणि उगाच म्हटलं, यंदा सौदे कसे झाले? आणि हा मुलगा, जो दोन तास हो-नाहीवर होता, तो सुटला. हळकुंड मोडून आतला रंग कसा बघायचा, गड्डा आणि कणी यांचे दर का वेगळे पडतात, मराठवाड्याची आवक वाढली की इथे काय होतं, वायद्यात दर चढला की शेतकरी पोती घरातच का दडवतो. आजोबांच्या वेळी हरिपूरच्या पेवांत हळद साठवायचे, आता कोल्ड स्टोरेजची पावती तारण ठेवून बँक कर्ज देते, ते व्याज धरून थांबणं परवडतं का, हा हिशेब त्यानं माझ्या वहीच्या कोपऱ्यात करून दाखवला. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण लेबलावर ते कुणी छापत नाही, याचा त्याला राग आहे.

मी गॅस बंद करायला विसरले. चहा उतू गेला.

याबद्दल मुलाखतीत विचारलं तर हा मुलगा पंधरा मिनिटं पॅनेलला गप्प बसवील. पण स्वतःच्या अर्जात त्यानं छंद म्हणून 'क्रिकेट, म्युझिक' लिहिलं होतं.

कमी गुणांच्या मुलांना ठोकळेबाज एमबीएपेक्षा एखाद्या धंद्याला बांधलेलं व्यवस्थापन शिक्षण पुष्कळदा जास्त फळतं, हे माझं मत झालंय. तिथे स्पर्धा तुलनेनं कमी असते आणि मुलाखतीला वजन असतं. पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था आहे, कृषी-व्यवसायाचं व्यवस्थापन शिकवते. ॲग्रो, सहकार, साखर, दूध ज्यांच्या घरात आहे त्यांनी ती बघितलीच पाहिजे, आणि निम्म्या सांगली जिल्ह्याला ती ठाऊक नाही. बालेवाडीला नॅशनल इन्शुरन्स अकॅडमी आहे, विम्यासाठी. तिथेच बांधकाम व्यवस्थापनाचं निकमार. आणंदला वर्गीस कुरियन यांनी १९७९ मध्ये उभी केलेली ग्रामीण व्यवस्थापनाची इर्मा, ती आता त्रिभुवन सहकारी विद्यापीठाचा भाग झाली आहे. भोपाळला वन व्यवस्थापनाची संस्था. यातल्या काही जागा सोप्या नाहीत. कोणत्या परीक्षेचा स्कोअर चालतो हेही दर वर्षीच्या माहितीपत्रकात बघावं लागतं.

आणखी एक रस्ता नोकरीचा, आणि आमच्याकडे त्याला कमीपणा मानतात. दोन वर्षं नोकरी करून मग पुन्हा परीक्षा दिली तर अर्जाला अनुभवाचं वजन येतं, आणि मुलाला तोवर कळतं की आपल्याला विकणं आवडतं की हिशेब. मुंबईत संध्याकाळचे तीन वर्षांचे अर्धवेळ अभ्यासक्रम करून वर गेलेली माणसं बँकांत आणि औषध कंपन्यांत वाटेल तितकी भेटतील. इग्नूच्या एमबीएला २०२१ पासून प्रवेशपरीक्षा नाही. पदवीचे टक्के पुरतात, फी झेपते. तिथून कॅम्पस प्लेसमेंटची अपेक्षा करू नये, पण हातात नोकरी असलेल्याला बढतीसाठी ते पुरतं. ऑनलाइन किंवा दूरस्थ एमबीए घेताना यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाची त्या वर्षाची मान्यता बघायची, एवढं पथ्य.

कर्जाचा हिशेब मात्र वहिनींना जागं करून दाखवला. आठ लाख, साडेदहा टक्के, सात वर्षं: महिन्याला साडेतेरा हजारांच्या आसपास हप्ता, शिकत असतानाचं व्याज वेगळं. आमच्या कॉलेजच्या प्रवेशद्वाराशी एका हसऱ्या मुलाचा मोठा फोटो होता, खाली '१२ लाखांचं पॅकेज'. तो मुलगा सात वर्षं नोकरी करून आमच्याकडे आला होता. बाकीचे काय घेऊन बाहेर पडले त्याचा फोटो नव्हता. सर्वांत मोठं पॅकेज कुणी विचारू नये, मधलं विचारावं. कॉलेज एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेत असेल तर त्यासाठी दिलेली माहिती त्याच्या संकेतस्थळावर ठेवलेली असते. त्यात किती पास झाले, कितींना नोकरी लागली आणि मध्यम पगार किती, हे रकाने असतात.

पण खरी माहिती टपरीवर. मी मुलाला सांगितलं, यादीतल्या वरच्या तीन कॉलेजांना जा, पण रिसेप्शनला जाऊ नकोस. दुपारी दीड वाजता बाहेरच्या चहाच्या गाडीवर थांब. दुसऱ्या वर्षाची मुलं तिथे असतात. समर इंटर्नशिप कुठे केलीस, ती कॉलेजनं दिली की स्वतः शोधलीस, शिकवणारे गेल्या वर्षात किती बदलले, एवढं विचार. आमच्या गेटाबाहेर बसणाऱ्या चहावाल्याला आमच्या प्लेसमेंट सेलपेक्षा जास्त ठाऊक असायचं. कुठली कंपनी आली आणि अर्ध्या तासात निघून गेली, हे तो पाण्याच्या बाटल्यांवरून सांगायचा.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला फोन आला तेव्हा मुलगा माझ्याच टेबलाशी बसून कागदपत्रं स्कॅन करत होता. त्यानं फोन माझ्या हातात दिला. पलीकडे एक मुलगी, आवाज पंचविशीच्या आतला, मागे दुसरे फोन वाजत होते.

"मॅम, सीट फक्त दोनच राहिल्यात, सरांना विचारून मी तुमच्यासाठी होल्ड केलीय..."

मी शांतपणे विचारलं, जागा कोट्यातली की कॅपमधली? कॅपनंतर हाच प्रवेश घेतला तर शिष्यवृत्ती लागू होईल ना? प्राधिकरणानं ठरवलेली फी किती? टोकनची पावती संस्थेच्या नावाची मिळेल ना? मागच्या वर्षी तुमची शेवटची जागा त्रेपन्नला भरली, बरोबर?

पलीकडे थोडा वेळ नुसते फोन वाजत राहिले. मग ती मुलगी आवाज खाली आणून म्हणाली,

"मॅम, तुम्ही कुठल्या कॉलेजला होतात?"